वाट कुठे सोडायची?

लांबची चाल अर्ध्यावर सोडण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. कुणी नेपाळला निघालंय, कुणाचे वडील नर्मदेच्या काठी आहेत, कुणाला वारीत पाय दगा देतील अशी धास्ती आहे. परतीची जागा घरातून निघण्याआधीच नकाशावर ठरलेली असावी, हे जवळजवळ प्रत्येक उत्तरात पुन्हा येईल. त्याला इलाज नाही.

प्रश्न : ऑक्टोबरात आम्ही चौघं (वय 45 ते 58) अन्नपूर्णा सर्किटला निघतोय. बेसीसहरहून जीपने चामे, तिथून चालत मनांग आणि ‘थोरोंग ला’ ही खिंड ओलांडून मुक्तिनाथ. एकाला लडाखमध्ये विरळ हवेचा त्रास झाला होता. पुन्हा झाला तर कुठून परतायचं? आणि एकासाठी चौघांनी परतायचं का? (नाशिक)

तुमच्या वाटेवर निर्णयाची जागा मनांग (3,540 मीटर). तिथपर्यंत जीपरस्ता आहे. हंगामात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदतकेंद्र उघडं असतं आणि तिथले डॉक्टर दुपारी विरळ हवेच्या त्रासाबद्दल माहिती देतात. ती चौघांनीही ऐका. पुढे याक खर्का (सुमारे 4,050), थोरोंग फेदी (सुमारे 4,450), हाय कॅम्प (सुमारे 4,880) आणि खिंडीचा माथा 5,416 मीटर. मनांग सोडलं की आजारी माणसाला खाली आणायचं ते चालवत किंवा घोड्यावर. म्हणून मनांगला दोन रात्री ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौघांनी बसून ‘पुढे कोण, मागे कोण’ हे ठरवा.

चामेला (सुमारे 2,700 मीटर) जीप सोडताय हे चांगलं. बरेच जण दोन दिवस वाचवायला त्याच जीपने थेट मनांग गाठतात. बेसीसहर आहे 760 मीटरवर. एका दिवसात पावणेतीन हजार मीटरची उडी मारल्यावर रात्री डोकं दुखलं तर त्यात नवल नाही. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज फार तर 500 मीटरने वाढवायची आणि तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम करायचा, हे गणित मोडलं की ट्रेक अर्ध्यावर सोडायची पाळी येते. लडाखचा अनुभव असलेल्या सोबत्याने डायमॉक्सबद्दल (विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी) निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगावं.

आता त्रास ओळखायचा कसा. सकाळी डोकं दुखत असेल, तर अर्धा-पाऊण लिटर पाणी, नाश्ता, पॅरासिटामॉलची एक गोळी आणि दोन तास आराम. डोकेदुखी उतरली आणि भूक लागली, तर त्याच उंचीवर आणखी एक रात्र. डोकेदुखी तशीच राहिली किंवा सोबत मळमळ, गरगर, जेवणाची शिसारी असली, तर वर जायचं नाही. वाढत गेली तर त्याच दिवशी खाली. जमिनीवरच्या फळीच्या किंवा फरशीच्या रेघेवर त्याला टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल जात असेल तर मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्या. बसल्याजागी धाप, खोकला, छातीत घरघर असेल तर फुप्फुसात पाणी होत असल्याची. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नाही. रात्री बारा वाजले असले तरी बॅटरी घेऊन निघायचं आणि किमान 500 ते 1,000 मीटर खाली यायचं. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावर फार विसंबू नका. मनांगला धडधाकट माणसाचं सॅच्युरेशनही 85 ते 90च्या घरात दिसतं, आणि बोट गार असेल तर आकडा आणखी चुकतो. आकडा चांगला पण माणूस भेलकांडतोय, तर माणसाकडे बघायचं.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे हाय कॅम्प. तिथे त्रास सुरू झाला की हमखास कुणीतरी म्हणतं, ‘आता तीन तासांत माथा, पलीकडे उतारच आहे.’ हिशोब करा. माथ्यापर्यंत अजून पाचशेहून जास्त मीटर चढ. पलीकडे मुक्तिनाथ 3,760 मीटरवर, म्हणजे सुमारे 1,650 मीटरचा सलग, घसाऱ्याचा उतार, आणि त्याच्या वरच्या भागात मदत जवळपास नाही. उलट मागे वळलात तर फेदी तासाभराच्या आत येते. फेदीला घोडेवाले विचारतात, ‘माथ्यापर्यंत सोडू का?’ थकलेल्याला घोडा चालेल. ज्याला विरळ हवेचा त्रास होतोय त्याला घोड्यावरून वर नेणं म्हणजे त्याच हवेत आणखी लवकर पोचवणं. खाली यायला मात्र घोडा जरूर घ्या. डेक्सामेथासोन या औषधाने त्रास दबतो, म्हणून ते घेऊन चढायचं नाही. ते उतरण्यासाठी आहे.

हवामानाचंही तसंच. ऑक्टोबर 2014 मध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या उरलेल्या ढगांनी थोरोंग ला परिसरात हिमवादळ आणलं आणि चाळीसहून जास्त माणसं गेली. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ किनाऱ्याला लागल्याची बातमी असेल, तर मनांगमध्येच थांबा. ताज्या बर्फात वाट मळलेली नसताना पहिले होऊ नका. त्यासाठी वेळापत्रकात दोन मोकळे दिवस हवेत, आणि ते परतीच्या विमानाच्या आधी हवेत.

चौघांनी परतायचं का, हे तुमच्याबरोबर किती माणसं आहेत त्यावर ठरेल. आजारी माणसाला एकटं खाली पाठवायचं नाही, हा नियम पक्का. एकच गाइड असेल तर तो आजाऱ्याबरोबर जाईल आणि उरलेले मनांगमध्ये थांबतील किंवा तेही उतरतील. गाइडशिवाय खिंड ओलांडायची नाही. गाइडसोबत वाट माहीत असलेला एक पोर्टर घेतलात, तर तुकडी विभागता येते. हे नाशकात बसून ठरवा आणि जीपचा जादा खर्च चौघांत वाटायचा हेही तेव्हाच ठरवा. पैसे कोण देणार या विचाराने माणसं दुखणं लपवतात. रोख रक्कम बेसीसहर सोडण्याआधीच काढून ठेवा.

प्रश्न : मनांगहून परत फिरलो, तर हातात सहा-सात दिवस उरतात. विमानाचं तिकीट बदलून घरी यावं की काही करता येईल? (पुणे)

आधी परतण्याचं कारण बघा. निव्वळ खिंडीवरच्या बर्फामुळे थांबला असाल आणि तब्येत ठणठणीत असेल, तर मनांग सोडायची घाई करू नका. गंगापूर्णा ताल, ब्रागाचा जुना गुंफा, प्राकेन गुंफा हे सगळं सकाळी जाऊन दुपारी परत येण्यासारखं आहे. तिलिचोचा तलाव मात्र 4,900 मीटरच्या वर आहे. विरळ हवेमुळे खिंड सोडली असेल तर तोही सोडायचा.

तब्येतीमुळे परतला असाल, तर एक दिवस जीपने बेसीसहर, दुसऱ्या दिवशी डुम्रेमार्गे पोखरा. पोखरा सुमारे 820 मीटरवर आहे. दोन रात्री तिथे काढल्या की बहुतेकांना पूर्ण बरं वाटतं. मग घांद्रुकला (सुमारे 2,000 मीटर) दोन-तीन दिवस चालून या. पूनहिल 3,210 मीटरवर आहे. डोकं पूर्ण शांत झालेलं असेल तरच तिथे.

मुक्तिनाथाचं दर्शन चुकल्याची हळहळ आपल्याकडे जास्त असते. 108 धारांखाली स्नान करायला पलीकडच्या बाजूने, पोखऱ्याहून रस्त्याने जाता येतं. पण त्याच दिवशी 820 मीटरवरून 3,760 वर चढू नका. आत्ताच त्रास झालेल्या माणसाला तीच चूक पुन्हा भोवेल. मधली एक रात्र मार्फा किंवा कागबेनीला (सुमारे 2,800 मीटर) काढा, सकाळी वर जाऊन दर्शन घ्या आणि झोपायला खाली या. परतताना जोमसोमहून विमान घ्यायचं असेल तर सकाळचं घ्या. कालीगंडकीच्या खोऱ्यात दुपारी वारा इतका चढतो की उड्डाणं होत नाहीत. अन्नपूर्णा क्षेत्राचा परवाना एका प्रवेशापुरता असतो. बाहेर पडून पुन्हा आत जाताना नवा काढावा लागेल असं धरून चाला. सार्क देशांच्या नागरिकांना तो 1,000 नेपाळी रुपयांत मिळतो.

विमानाचं तिकीट बदलायचा निर्णय पोखऱ्यात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी घ्या. मनांगच्या थंडीत, उपाशीपोटी केलेली बुकिंगं महागात पडतात.

प्रश्न : विमा असेल तर सरळ हेलिकॉप्टर बोलवावं ना? (छत्रपती संभाजीनगर)

पॉलिसीत तीन गोष्टी शोधा : ट्रेकिंग धरलंय का, किती मीटर उंचीपर्यंत, आणि हेलिकॉप्टरआधी कंपनीची परवानगी लागते का. परदेश प्रवासाच्या साध्या पॉलिसींत उंचीवरचा ट्रेक बहुतेकदा वगळलेला असतो. परवानगीचा फोन नंबर आणि पॉलिसी क्रमांक कागदावर लिहून गाइडकडेही द्या. बॅटरी संपलेल्या फोनमधली पीडीएफ कुणाच्या उपयोगाची नाही. खोट्या सुटका दाखवून विम्याचे पैसे उकळण्याच्या प्रकारांची नेपाळ सरकारने 2018 मध्ये चौकशी केली होती. तेव्हापासून विमा कंपन्या डॉक्टरांचा कागद बारकाईने बघतात. साध्या डोकेदुखीला कुणी हेलिकॉप्टरचा आग्रह धरत असेल, तर आधी तुम्ही स्वतः विमा कंपनीला फोन करा. मनांगला जीप आहे. शिवाय ढग उतरले की हेलिकॉप्टरही येत नाही, म्हणून त्याची वाट बघत बसू नका, उतरायला लागा.

प्रश्न : वडील (वय 61) ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमेला निघालेत. बडवानीजवळ पोचलेत आणि गुडघा सुजलाय. सोडून या म्हटलं तर संकल्प मोडेल म्हणतात. काय समजवावं? (सांगली)

त्यांना ‘सोडा’ म्हणू नका, ‘थांबा’ म्हणा. परिक्रमेच्या रीतीतच थांबणं आहे. आषाढी ते कार्तिकी एकादशी चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी राहतात. परंपरेने सांगितलेला पूर्ण काळ तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा. आजकालची चार-पाच महिन्यांची घाई आपली आहे. जिथे थांबलो तिथूनच पुढे सुरू करायची अशी खंड परिक्रमा करणारेही पुष्कळ आहेत.

आधी गुडघा. रात्रभराच्या विश्रांतीने दुखणं उतरत असेल, तर रोजची चाल 20-25 किलोमीटरवरून 10-12 वर आणा आणि पाठीवरचं ओझं सहा-सात किलोच्या वर ठेवू नका. डांबरी रस्ता सोडून कडेच्या मातीवरून चालायचं आणि दोन्ही हातांत काठ्या घ्यायच्या. पण सकाळी उठतानाच सूज दिसते, गुडघा मध्येच अडकतो किंवा उतारावर पाय लटपटतो, यातलं एक जरी असेल तरी चाल बंद. बडवानी जिल्ह्याचं ठिकाण आहे, तिथे एक्स-रे आणि हाडांचे डॉक्टर मिळतील. पुढचा शूलपाणीचा टापू चढउतारांचा आणि विरळ वस्तीचा आहे. सुजलेल्या गुडघ्याने तिकडे शिरण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट तुमच्या पथ्यावर पडणारी आहे. परिक्रमेत नर्मदा उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही. वडील अजून दक्षिण तटावर आहेत. बडवानीहून सेंधवा, तिथून आग्रा-मुंबई महामार्गाने शिरपूर, धुळे असे ते घरी आले, तर नर्मदा ओलांडावी लागत नाही. हेच ते महेश्वरला किंवा नेमावरला असते, तर महाराष्ट्रात यायला पुलावरून यावं लागलं असतं. दुसऱ्या कुणाला उत्तर तटावर असताना थांबायची वेळ आली, तर शक्यतो त्याच तटावरच्या आश्रमात विश्रांती घ्यावी. घरी यावंच लागलं तर आधी तिथल्या जाणत्यांना विचारून घाटावर संकल्प पुरा करून निघावं.

निघण्याआधी राजघाटावर पूजा करावी. परिक्रमेच्या वहीवर आश्रमाचा शिक्का, तारीख, गाव घ्यावं. पुन्हा सुरू करताना तोच पुरावा. सोबत बाळगलेली नर्मदाजलाची कुपी घरी न्यायची की आश्रमात ठेवायची, याबाबत प्रथा वेगवेगळ्या आहेत. ज्या गुरुजींनी निघताना संकल्प सांगितला त्यांना फोन करावा.

परत कधी जायचं? गुडघा सहा-आठ आठवड्यांत सुधारला, तरी निमाडचा उन्हाळा गाठू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. कार्तिकी एकादशीनंतर निघणं उत्तम. ‘तोवर चैत्रातली उत्तरवाहिनी तरी करतो’ असं ते म्हणतील. रामपुरा-तिलकवाडा भागातली ती परिक्रमा 21 किलोमीटरच्या आसपास असल्याने सोपी वाटते, पण तिच्यात नदी दोनदा ओलांडली जाते. मोठी परिक्रमा अर्धी उभी असताना ते चालेल का, हे आधी विचारून घ्यायला सांगा.

प्रश्न : ऑफिसात, नातेवाइकांत, तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर एव्हरेस्ट बेस कॅम्पला जातोय असं सांगून झालंय. नाही जमलं तर तोंड कसं दाखवू? (ठाणे)

‘खुंबूच्या खोऱ्यात चालायला जातोय’ असं आजच बदलून टाका. नामचे (3,440), तेंगबोचे (सुमारे 3,860), दिंगबोचे (4,410) यांपैकी कुठूनही परतलात तरी ते वाक्य खरंच राहतं. वाटेत रोज ठिकाण टाकत बसू नका. शंभर जणांचे अंगठे आले की बेस कॅम्पच्या अलीकडे गोरक्षेपला खोकत बसलेल्या माणसाला खाली वळणं जड जातं. लुक्लाचं परतीचं विमान अलीकडे ओढायचं असेल, तर नामचेच्या लॉजमधून आदल्या दिवशी फोन करायला सांगा. ढग असले की उड्डाणं साठत जातात, म्हणून काठमांडूत दोन दिवस मोकळे हवेतच.

प्रश्न : राजगड-तोरणा-रायगड तीन दिवसांत करतोय, आठ जण. मध्येच कुणाचा पाय मुरगळला तर बाहेर पडायच्या जागा कोणत्या? (पुणे)

राजगडावरच झालं तर गुंजवणे किंवा पाली. संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या सोंडेला लागताना मध्ये खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. तो वेल्ह्याकडे जातो. पुढे बुधला माचीचा चढ अंगावर येणारा आहे, म्हणून शंका असलेल्या पायाचा निकाल त्या खिंडीतच लावा. तोरण्याहून वेल्ह्याला सरळ वाट आहे, तिथे दवाखाना आणि पुण्याची एसटी मिळते.

शेवटची जागा मोहरी. तिथून बोराट्याच्या नाळेत शिरलात की बाहेर पडायला खालचं पाणे गावच. नाळ म्हणजे मोठमोठ्या दगडांची घसरण. धड पायाला तिथे वेळ लागतो, लंगडणाऱ्याला उचलून आणावं लागतं. पाऊस झाला असेल किंवा ढग असतील, तर सगळे धडधाकट असले तरी नाळ सोडा. मोहरीहून गाडीने वेल्हे आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याने फिरून पाचाड, तिथून पायऱ्यांनी रायगड. मोहरीत गाडी आयत्या वेळी मिळेलच असं नाही, जीपवाल्याचा नंबर वेल्ह्यातून आधी घेऊन ठेवा.

घोटा मुरगळला की आधी त्याच पायावर चार पावलं टाकून बघा. टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर कळ आली, तर एक्स-रेशिवाय पुढचं बोलायचं नाही. टाकता आली तर बूट काढू नका, कारण सूज आल्यावर तो पुन्हा चढत नाही. वरून क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं गुंडाळा, ओझं वाटून घ्या आणि जवळच्या वाटेने खाली या. माणूस अजिबात हलवता येत नसेल तर 112 ला फोन करा आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक निघण्याआधीच सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. रेंज माचीच्या टोकाला मिळते, खिंडीत मिळत नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी एकला ठरलेला टप्पा निम्माही झाला नसेल तर मागे फिरा.

प्रश्न : माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पहिल्यांदाच निघतेय. पायाला फोड आले तर वारी सोडावी लागेल का? मधुमेह आहे. (सोलापूर)

साध्या फोडासाठी वारी सुटत नाही, पण मधुमेहामुळे तुमचे नियम कडक. रोज मुक्कामाला दोन्ही तळवे आरशात किंवा सोबतच्या बाईकडून पाहून घ्या. पायाची जाणीव कमी असेल तर फोड दुखतही नाही. लालसर, गरम जागा दिसली की तिथे कापडी चिकटपट्टी लावायची. पावसात ओले मोजे दिवसभर घालू नका, तीन जोड ठेवा. फोड स्वतः फोडू नका, वाटेवरच्या वैद्यकीय पथकाला दाखवा. भोवती लाली पसरली, पू आला, ताप आला किंवा पायाचा रंग काळपटला, तर त्याच दिवशी चाल बंद आणि डॉक्टर.

बाहेर पडायला लोणंद आणि फलटण सोयीचं, दोन्हीकडे एसटी आणि दवाखाने आहेत. फलटणला थांबलात तर पुढे बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव आणि मग वाखरी, म्हणजे पायाला जवळपास आठवडा मिळतो. जखम भरली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, तर एसटीने पंढरपूरकडे येऊन वाखरीच्या मुक्कामी पुन्हा दिंडीत मिळा आणि शेवटचा टप्पा चाला. निघताना दिंडीचालकांना सांगा आणि ट्रकमधलं आपलं सामान उतरवून घ्या. दिंडीचा क्रमांक आणि ती रथापुढची की रथामागची, हे कागदावर लिहून जवळ ठेवा. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात, तिथे नुसत्या दिंडीच्या नावावर राहुटी सापडत नाही.